दिव्यांगांसाठी सायकल सत्र कसे आखावे
लातूर किंवा नांदेडसारख्या शहरात असे सत्र घ्यायचे असल्यास रहदारीचा रस्ता टाळून सपाट, बंदिस्त मैदान निवडावे. पायांत बळ नसलेल्यांना हाताने पेडल फिरवायची तीनचाकी द्यावी, तर दृष्टिहीनांना पुढे डोळस चालक असलेली जोडसायकल द्यावी. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालील भागात घाम नीट येत नसल्याने त्यांचे शरीर लवकर तापते, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जात असल्यामुळे सत्र सकाळी आठच्या आत संपवावे व पाणी हाताशी ठेवावे. संवेदना नसलेले पाय पेडलला पट्ट्याने बांधल्यास त्वचा घासत नाही ना, हे अधूनमधून थांबून डोळ्यांनी तपासावे. व्हीलचेअरवरून सायकलवर बसवण्यापूर्वी दोन्हींचे ब्रेक लावावेत. आधार कसा द्यायचा, हे मात्र नातेवाइकांना नव्हे, त्या व्यक्तीलाच विचारावे. पहिल्याच दिवशी फेऱ्या मोजण्याचा हट्ट अनाठायी आहे.