नवी गाडी घेताना तिचा रेडिओ कुठून बोलतो ते बघा

डेन्व्हरला नव्यानं आलेली मंडळी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला साधारण तीन गोष्टी विचारतात: किराणा कुठे घ्यायचा, डॉक्टर कुठला बघायचा आणि गाडी कोणती घ्यायची. पहिल्या दोन्हींची उत्तरं आता इथे कोणीही देतं. गाडीचं विचारलं की मात्र मीच उलट विचारते, "तिच्यात रेडिओ कुठला आहे?" मायलेज, हप्ता, विमा सगळं तपासून झालेलं असतं. रेडिओचं काय एवढं, फोन जोडला की झालं, असं प्रत्येकाला वाटतं.

शहरात तेवढ्यानं भागतं. पण तुम्ही इथे आलात म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात आर्चेस, ब्राइस, झायन ही युटातली राष्ट्रीय उद्यानं बघायला निघणार, आई-बाबा आले की त्यांनाही नेणार. तो रस्ता म्हणजे इंटरस्टेट ७०. युटामध्ये ग्रीन रिव्हर हे गाव सोडलं की सलायना येईपर्यंत शंभरावर मैल पेट्रोल नाही, चहा नाही, गाव नाही. पुण्याहून निघून पनवेल मागे टाकलं तरी वाटेत एक टपरीसुद्धा लागू नये, एवढं ते अंतर आहे. फोनची रेंज त्या पट्ट्यात येते आणि जाते, आणि जाते तेव्हा बराच वेळ जाते.

आमची जुनी गाडी २००८ची होती. तिच्यात उपग्रहाचा रेडिओ होता आणि त्या माळावर तो अखंड वाजायचा. ती काढून नवी घेतली तेव्हा विक्रेत्याला मी स्पष्ट विचारलं होतं, सॅटेलाइट रेडिओ आहे ना? तो हो म्हणाला. पडद्यावर चिन्हही दिसत होतं. पुढे नोव्हेंबरात सासूबाईंना घेऊन निघालो आणि ग्रीन रिव्हरनंतर वीसेक मिनिटांत आवाज बंद पडला. ते चिन्ह नुसत्या ॲपचं होतं. ॲप इंटरनेटवर चालत होतं आणि तिथे इंटरनेट नव्हतं. समोर ढग उतरत होते, बर्फ पडायला लागला होता आणि पुढचा घाट उघडा आहे की बंद हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही सुखरूप पोचलो. पण तो दीड तास मी विसरलेले नाही, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत उपग्रह रेडिओच्या दोन कंपन्या होत्या. एक्सएम २००१मध्ये सुरू झाली, सिरियस २००२मध्ये, आणि २००८मध्ये दोन्ही एक झाल्या. आता आहे ती एकटी सिरियसएक्सएम. तिचे उपग्रह २.३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर थेट तुमच्या गाडीच्या टपावर गाणी, बातम्या, सामने पाठवतात. मोठ्या शहरांत इमारतींच्या आड सिग्नल अडतो, म्हणून तिथे जमिनीवरही मनोरे उभारलेले आहेत. एकच कार्यक्रम काही सेकंदांच्या फरकानं दोन वाटांनी येतो. त्यामुळे पुलाखालून जाताना एक वाट तुटली तरी दुसरीवरून भर पडते आणि आपल्याला खंड जाणवत नाही.

आपल्याकडे वर्ल्डस्पेस नावाचा उपग्रह रेडिओ होता तो आठवतो का? तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. खिडकीत ती छोटी चपटी अँटेना उपग्रहाच्या दिशेनं टेकवून ठेवायची आणि गांधर्व वाहिनीवर तासन्‌तास शास्त्रीय संगीत ऐकायचं. २००९ संपता संपता भारतात ते बंद पडलं. तत्त्व तेच, फक्त वर्ल्डस्पेस घरात बसून राहिलं आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी पहिल्यापासून गाडी धरली. इथला माणूस रोज तासभर तरी चाकामागे असतो, त्यामुळे तो धंदा इथे टिकला.

आता तोच उपग्रह रेडिओ गाडीतून हळूहळू मागे सरकतो आहे. फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणारे ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आले, गाडीला स्वतःचं सिम आलं. मग उपग्रहाचा सिग्नल पकडणारा वेगळा रिसीव्हर कारखान्यातच आणि त्याची अँटेना कशाला बसवायची, असा विचार कंपन्या करू लागल्या. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये तो रिसीव्हर कधीच नव्हता. २०२४च्या डिसेंबरमधल्या अपडेटनं त्यांच्या पडद्यावर सिरियसएक्सएम आलं खरं, पण ॲप म्हणून. नाव तेच आणि चिन्ह तेच, पण आवाज आकाशातून येत नाही, मोबाइलच्या टॉवरवरून येतो. नवख्या माणसाची फसगत नेमकी इथे होते.

ओळखायचं कसं, तर शोरूममध्येच दहा मिनिटं काढा. टपावरचा माशाच्या पराएवढा उंचवटा बघून समाधान मानू नका. त्याच्या आत जीपीएस आणि मोबाइलचीही अँटेना असते, त्यामुळे तो असला म्हणजे उपग्रह रेडिओ आहेच असं नाही. काचेवर चिकटवलेला किमतीचा कागद वाचा. प्रत्येक नव्या गाडीवर तो असणं इथे १९५८च्या कायद्यानं बंधनकारक आहे आणि गाडीत काय काय बसवलेलं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याच मॉडेलच्या सगळ्यात स्वस्त प्रकारात रिसीव्हर नसतो आणि एक पायरी वरच्या प्रकारात असतो, असं पुष्कळदा होतं. म्हणून मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नका, तुमच्या हातात किल्ली येणार आहे त्याच गाडीचा कागद वाचा.

मग गाडी बाहेर मोकळ्यावर काढायला सांगा. फोनचं ब्लूटूथ बंद करा, केबल काढा, गाडीचं वायफाय बंद करता येत असेल तर तेही करा. रेडिओच्या स्रोतांमध्ये एसएक्सएम किंवा सॅट असं दिसायला हवं. तिथे जाऊन शून्य क्रमांकाची वाहिनी लावा. पडद्यावर आकडे-अक्षरांचा एक ओळख क्रमांक आला तर रिसीव्हर खरोखर आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे वर्गणीच्या प्रत्येक कामाला तोच लागतो. शून्य वाहिनीच सापडत नसेल आणि आधी लॉगिन करा म्हणत असेल, तर ते बहुधा ॲप आहे. विक्रेता चांगला माणूस असला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच विक्रेत्यांनाच हा फरक माहीत नसतो.

तिसरा प्रकारही आहे, ३६०एल नावाचा. २०१९च्या रॅम १५०० ट्रकपासून तो सुरू झाला. यात उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही एकाच पडद्यावर येतात आणि एक तुटलं की दुसरं धरतं. मला विचाराल तर आज नवी गाडी घेणाऱ्यानं हाच शोधावा. फक्त एक ध्यानात असू द्या. यादीत दिसणाऱ्या कितीतरी वाहिन्या नुसत्या इंटरनेटवरच्या असतात. लांबच्या प्रवासाला लागणाऱ्या चार-पाच वाहिन्या उपग्रहावरून येतात ना, ते गाडीचं इंटरनेट बंद करून आधी पडताळा.

उपग्रह म्हणजे सगळीकडे चालतंच असंही समजू नका. हे उपग्रह आपल्या दक्षिणेला असतात. दक्षिणेकडे उंच कडा आली की आवाज तुटतो. याच इंटरस्टेट ७०वरच्या ग्लेनवूड कॅन्यन या अरुंद दरीतून जाताना आमच्या जुन्या गाडीतही तो तुटायचा. बोगद्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये, दाट सूचिपर्णी झाडीत तेच होतं. टपावर सामानाची पेटी बसवलीत तर ती अँटेनेच्या आड येत नाही ना बघा, आणि हिवाळ्यात काचेवरचा बर्फ खरवडताना टपावरच्या उंचवट्यावरूनही हात फिरवा.

स्ट्रीमिंगबद्दल माझी तक्रार नाही. मराठी ऐकायचं असेल तर तोच एक मार्ग आहे. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप फोनवर घ्या. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या मराठी बातम्या इथे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी ७:३५ला आणि हिवाळ्यात ६:३५ला लागतात. ऑफिसातून घरी येताना त्या ऐकायला मला फार आवडतं. तिकडे उद्याचा दिवस उजाडलेला असतो आणि इथे आपण आजचा संपवत असतो. आवाजाचा दर्जाही इंटरनेटवर बरा मिळतो. उपग्रहावर मर्यादित जागेत पुष्कळ वाहिन्या कोंबलेल्या असतात, त्यामुळे गप्पांच्या वाहिन्यांचा आवाज दबलेला येतो. तासाभराच्या स्ट्रीमिंगला दर्जाप्रमाणे साधारण ६० ते ११५ एमबी लागतात. पहिल्या वर्षी स्वस्तातला, मोजून डेटा देणारा प्लॅन घेतला असेल तर हा हिशेब करा. आणि प्रवासाच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी, कीर्तनं, पोरांच्या गोष्टी फोनमध्ये उतरवून घ्या. हे कुठलीही गाडी असली तरी करा.

आणखी एक गोष्ट, जी गाडी दहा वर्षं वापरणाऱ्याच्या कामाची आहे. २०२२मध्ये इथल्या मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं आणि ज्या गाड्यांमध्ये थ्रीजीचं सिम होतं त्यांच्यापैकी अनेकांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या सेवा कायमच्या गेल्या. गाडी ठणठणीत आणि तिचं इंटरनेट मेलेलं. उपग्रहांचं तसं नाही. सिरियसएक्सएमनं एसएक्सएम-९ हा उपग्रह २०२४च्या डिसेंबरमध्ये आणि एसएक्सएम-१० २०२५च्या जूनमध्ये सोडला. असे उपग्रह साधारण पंधरा वर्षांच्या बेतानं बांधलेले असतात. म्हणजे गाड्यांमधली अँटेना कमी होत असली तरी वरून बोलणारा इतक्यात गप्प बसणार नाही.

आता पैशाचं. नव्या गाडीबरोबर सिरियसएक्सएम बहुधा तीन महिने फुकट मिळतं, कधी कधी जुन्या गाडीबरोबरही. त्या काळात कार्ड नंबर देऊ नका. दिलात, तर मुदत संपल्यावर वर्गणी आपोआप सुरू होते आणि तुमच्या पहिल्यावहिल्या क्रेडिट कार्डावर दर महिन्याला रक्कम पडत राहते. इथे नव्यानं पत उभी करणाऱ्याला हे परवडत नाही. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा एकच आहे का, कर आणि म्युझिक रॉयल्टी फी धरली आहे का, ते विचारा. सवलतीचा दर कधी संपतो ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्या आठवड्यात बंद करतो असं कळवलंत की पुष्कळदा कमी दर पुढे येतो. बंद करणं ग्राहकाला फार अवघड जातं या मुद्द्यावर न्यूयॉर्क राज्यानं २०२३च्या डिसेंबरमध्ये कंपनीवर खटला भरला होता, आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं ती पद्धत संघराज्याच्या कायद्याचा भंग करणारी ठरवली. तेव्हा कोणी फोनवर लांबण लावलं तर भीड बाळगू नका. नाही म्हणायचं तेवढं म्हणा आणि लेखी पुष्टी मागून घ्या.

आणि खरंच गरज आहे का? तुमचं येणं-जाणं अरोरा या शेजारच्या उपनगरापासून डाउनटाउनपर्यंत एवढंच असेल तर नाही. तुमच्यासाठी एफएमवर खालच्या टोकाला, ८८ ते ९२च्या दरम्यान, जाहिराती न लावणारी सार्वजनिक केंद्रं आहेत. ८९.३वर केयूव्हीओचं जॅझ लावून बघा. इथली बोली कानावर बसायला मला सार्वजनिक केंद्रावरच्या बातम्यांइतकी मदत कशाचीच झाली नाही. एएमवर ८५०ला केओए आहे, ५० हजार वॉटचं. रात्री ते शेजारच्या राज्यांमध्येही लागतं. म्हणून गाडीत एएम आहे का तेही बघा. विजेच्या मोटारीचा एएमच्या लहरींना त्रास होतो या कारणानं काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांमधून ते काढून टाकलं आहे. फोर्डनं २०२३मध्ये काढायचं ठरवलं आणि आरडाओरडा झाल्यावर परत ठेवलं. लांबच्या रस्त्यावर एएमला मी अजून मान देते. इंटरनेट नको, वर्गणी नको, आणि हवामानाचा इशारा आला तर तो तिथे ऐकू येतो. घाट उघडा आहे का हे निघण्याआधी मात्र ५११ या रस्त्यांच्या माहितीच्या क्रमांकाला फोन करून किंवा कोलोरॅडोच्या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सीओट्रिप संकेतस्थळावर बघूनच निघा.

महिन्यातून एकदा तरी डोंगरात किंवा युटा, वायोमिंगकडे जाणार असाल, घरात लहान मुलं किंवा म्हातारं माणूस असेल, तर उपग्रहाचा रिसीव्हर असलेलीच गाडी घ्या असं मी आग्रहानं सांगेन. वर्गणी नंतर हवी तेव्हा घेता येते आणि बंदही करता येते. कारखान्यात न बसलेला रिसीव्हर मागून बसवणं हे मोठं झंझट आहे. ठरत नसेल तर आधी एखाद्या वीकेंडला भाड्याची गाडी घ्या. त्यांच्यात उपग्रह रेडिओ बऱ्याचदा चालू असतो. ग्लेनवूडपर्यंत जाऊन या, तुमचं तुम्हाला कळेल.

वर्गणी घेतल्यावर रेडिओ सुरू व्हायला उपग्रहाकडून संदेश यावा लागतो. कित्येक जण त्याची वाट बघत गॅरेजमध्ये बसून राहतात आणि मला फोन करतात. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढा, दक्षिणेकडे झाड किंवा भिंत नसेल अशी उभी करा, इंजिन चालू ठेवून रेडिओ उपग्रहाच्याच वाहिनीवर ठेवा आणि संकेतस्थळावर ओळख क्रमांक टाकून सिग्नल परत पाठवायला सांगा. पाच-दहा मिनिटं थांबा. चहा बरोबर घेऊन बसा.