ईआरचा 'लव्हज लेबर लॉस्ट' पहिल्यांदा बघताय? मग असा बघा

आधी एक सांगतो, घरात कोणी गरोदर असेल तर तिच्यासोबत बघू नका. मी गंमत म्हणून सांगत नाहीये. माझी मावसबहीण नर्स आहे, तिने हा एपिसोड अर्ध्यात बंद करायला लावला होता, उरलेला मी दुसऱ्या दिवशी एकट्याने बघितला.

'ईआर' म्हणजे शिकागोच्या काउंटी जनरल नावाच्या काल्पनिक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डची सिरियल, मायकल क्रायटनने बनवलेली, 1994 ते 2009 चालली. हा एपिसोड पहिल्या सीझनचा, अमेरिकेच्या एनबीसी चॅनेलवर 9 मार्च 1995 ला आला होता. शोधताना साधारण एकोणिसाव्या नंबरला बघा, पण पायलट (म्हणजे सिरियलचा पहिला एपिसोड) मोठा असल्याने कुठे कुठे नंबर एकाने मागेपुढे होतो, त्यामुळे सरळ नावानेच शोधा.

डायरेक्ट हाच लावू नका. लोक 'सर्वात भारी एपिसोड' अशा यादीत नाव वाचतात, लावतात आणि मग म्हणतात हां ठीके, चांगला आहे. निदान पायलट आणि मधले चार-पाच एपिसोड तरी बघून घ्या, कारण सगळा खेळ डॉ. मार्क ग्रीनवर आहे, तो चीफ रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टरांचा प्रमुख), शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारा, आणि हा माणूस चुकणार नाही असं तुम्हाला आतून वाटायला लागलं पाहिजे, तरच पुढचं लागतं.

बघताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट बघा. हेच सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यांना रक्त आणि धावपळ लक्षात राहते पण खरी गोष्ट त्याच्या आधीच घडून गेलेली असते.

इथून पुढे स्पॉयलर आहे, बघितलं नसेल तर इथेच थांबा आणि बघून परत या.

जोडी ओब्रायन, दिवस भरत आलेली बाई, सारखी लघवीला लागते म्हणून येते, नवरा शॉन सोबत (हा ब्रॅडली व्हिटफर्ड, नंतर 'द वेस्ट विंग'मध्ये गाजला). ग्रीन म्हणतो इन्फेक्शन आहे, औषध देऊन सोडतो. थोड्याच वेळात ती झटके येत असलेल्या अवस्थेत परत. म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया होता आणि तो हुकला. याचं थोडं आधी माहीत असलं की दुसऱ्यांदा बघताना पोटात गोळा येतो: विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 च्या वर, बऱ्याचदा लघवीत प्रोटीन, डोकं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, आणि झटके आले की त्यालाच एक्लॅम्प्सिया म्हणतात. आपल्याकडे गरोदर बाईचं दर व्हिजिटला बीपी आणि लघवी बघतात ना, ते याच्यासाठीच.

पुढचं एकातून एक निघत जातं, बाळ मोठं, खांदा अडकतो, मग इमर्जन्सी रूममध्येच सिझर, वार (प्लॅसेंटा) आधीच सुटलेली, रक्त थांबत नाही कारण रक्त गोठायचंच बंद झालंय. बाळ वाचतं, जोडी मात्र हातातून निसटत जाते आणि ग्रीन थांबायला तयार नाही. इथे पॉज करून गूगल करत बसू नका, नावं नाही कळली तरी चालतं, डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून सगळं कळतं. लिहिणारा लान्स जेंटिल स्वतः इमर्जन्सी डॉक्टर, आणि ते दिसतं, कारण कोणीच भाषण देत नाही. त्याला लेखनाचा एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाला आणि मिमी लेडरला दिग्दर्शनाचा.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा (बघालच) एक काम करा, प्रसूतीच्या डॉक्टरला किती वेळा बोलावतात आणि ती कधी येते एवढंच मोजत बसा. मी पहिल्यांदा सगळा राग तिच्यावर काढला होता, दुसऱ्यांदा ग्रीनवर आला, कारण कळलं की त्याला मदत हवी होती पण आपल्याला जमेल हेही सिद्ध करायचं होतं. आता कोणावरच धड येत नाही, आणि मला वाटतं एपिसोडची खरी ताकद ही आहे.

नावाबद्दल थोडं, शेक्सपियरच्या नाटकावरून घेतलंय आणि लेबर म्हणजे प्रसूतीच्या कळाही, हे मराठीत आणायचा मी प्रयत्न केला, नाही जमला.

आणि ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा. शेवटी ग्रीन ट्रेनमध्ये एकटा बसून रडतो, संवाद नाही काही नाही, आणि तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात पुढच्या एपिसोडचा चौकोन आला तर सगळं मुसळ केरात.