आयल ऑफ मॅनवर मुलांची शाळा: आधी जन्मतारीख, मग पत्ता

आयल ऑफ मॅनवरची नोकरी पक्की झाली की पुण्या-मुंबईहून पहिला प्रश्न येतो, "तिथली चांगली शाळा कोणती?" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. इथे मुलाची इयत्ता जन्मतारखेवरून ठरते आणि शाळा घराच्या पत्त्यावरून. या दोन गोष्टींचा हिशेब विमानाचं तिकीट काढण्याआधी झाला, तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं हे बेट लहान आहे. लोकसंख्या ८४ हजारांच्या आसपास आणि सरकारी माध्यमिक शाळा पाच: डग्लसमध्ये बॅलाकरमीन आणि सेंट निनियन्स, पीलला क्वीन एलिझाबेथ द्वितीय, रॅम्सीला रॅम्सी ग्रामर आणि कॅसलटाउनला कॅसल रशेन. 'ग्रामर' या नावाला फसू नका. तिथे प्रवेशपरीक्षा नाही, पाचही शाळा सगळ्यांसाठी खुल्या आणि मोफत आहेत. बेट युनायटेड किंग्डमचा भाग नाही. टिनवाल्ड ही इथली स्वतःची संसद आणि २००१चा शिक्षण कायदाही स्वतःचा. इंग्लंडमधल्या शाळा तपासणारं ऑफस्टेड इथे येत नाही, शाळांच्या क्रमवारीचे तक्ते निघत नाहीत, तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या सॅट्स परीक्षाही नाहीत. म्हणजे लंडनच्या मावसभावाने तिथल्या अनुभवावरून दिलेला सल्ला निम्मा गैरलागू. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्यात कमी नाहीत.

आता इयत्तेचा हिशेब. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. ३१ ऑगस्टपर्यंत ११ पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात इयर ७ मध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत जातं. २० ऑगस्ट २०१४ला जन्मलेली मुलगी सप्टेंबर २०२५ मध्ये इयर ७ला बसली आणि १५ ऑक्टोबर २०१४चा मुलगा इयर ६ला, मग भारतात दोघं एकाच बाकावर का बसत असेनात. "आमचा सहावी पास आहे, त्याला पुढे घ्या" हे कोणी ऐकत नाही आणि ऐकू नये. सुरुवात रिसेप्शन नावाच्या पहिल्या वर्गाने, चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात. इयर ६पर्यंत प्राथमिक, ७ ते ११ माध्यमिक, १२ आणि १३ सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपली अकरावी-बारावी.

प्राथमिक वयाचं मूल कधीही आणा, रुळतं. खरं घोडं अडतं ते इयर १० आणि ११ला. त्यामुळे ज्यांची मुलं १३ ते १६ वयाची आहेत, त्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा.

इयर १० आणि ११ मिळून जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) किंवा तिची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आयजीसीएसई, यांचा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम असतो. विषय इयर ९च्या उत्तरार्धात निवडले जातात, परीक्षा इयर ११च्या मे-जूनमध्ये. काही विषयांचं प्रकल्पकाम आधीच जमा होऊन गुणांत धरलं जातं. इंग्रजी साहित्यात नेमलेलं नाटक, कादंबरी, कविता इयर १०पासून चालू असतात. त्यातून परीक्षा मंडळ शाळेगणिक आणि विषयागणिक वेगळं. इयर ११च्या जानेवारीत भारतातून आलेल्या मुलापुढे पाच महिन्यांत दोन वर्षांचा अभ्यास, न वाचलेली पुस्तकं आणि न केलेलं प्रकल्पकाम असा ढीग पडतो. फ्रेंच किंवा स्पॅनिशचा तर प्रश्नच मिटला. मूल हुशार असलं तरी सहा-सात विषयांत जेमतेम तरतं. सिक्स्थ फॉर्मला साधारणपणे किमान पाच विषयांत सी किंवा वरची श्रेणी मागतात आणि ए लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या बारावीसारख्या परीक्षेला, हवा तो विषय मिळायला त्या विषयात त्याहून चांगली. पगाराच्या नादात सहा महिने आधी आलेल्या कुटुंबाला ही घाई मुलाच्या दोन वर्षांनी फेडावी लागते.

म्हणून येण्याच्या योग्य वेळा दोनच: इयर १० सुरू होतानाचा सप्टेंबर किंवा त्याआधी, नाहीतर थेट इयर १२चा सप्टेंबर. दुसऱ्या वाटेत मूल भारतात दहावी पूर्ण करतं, मे-जूनमध्ये निकाल हातात येतो आणि सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्म सुरू होतो. तोवर आई-वडिलांपैकी एकाने मागे राहावं किंवा आजी-आजोबांनी सांभाळावं. ते जड जातं, पण स्वस्त पडतं.

या दुसऱ्या वाटेत एक खड्डा आहे आणि त्यात सप्टेंबर ते डिसेंबरात जन्मलेली मुलं हमखास पडतात. नोव्हेंबर २०१०चा मुलगा महाराष्ट्रात मार्च २०२६ मध्ये दहावी देऊ शकतो. पण ३१ ऑगस्ट २०२६ला तो १५ वर्षांचाच असतो, म्हणजे इथल्या हिशेबाने इयर ११. दहावी पास होऊनही तो जीसीएसईच्या ऐन मध्यावर येऊन आदळतो. सक्तीचं शिक्षण १६पर्यंत असल्याने घरी बसवण्याचीही सोय नाही. उपाय दोन. गुणपत्रिका हातात येताच, बेटावर पाऊल ठेवण्याआधी, मुख्याध्यापकांना लिहून इयर १२ला घेता येईल का विचारा. निर्णय त्यांचा असतो आणि नकार येऊ शकतो. नाहीतर अकरावी भारतातच करून पुढच्या सप्टेंबरात आणा. तेव्हा तो १६ पूर्ण असतो आणि इयर १२ला सरळ बसतो. जन्मतारखेचा हा हिशेब नोकरीची रुजू तारीख मान्य करण्याआधी करा, कारण ती तारीख दोन-तीन महिने पुढे-मागे करायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. करारावर सही झाल्यावर मात्र कोणी दाद देत नाही.

गणिताबद्दल एक प्रश्न विचारायला विसरू नका: मुलाला कोणत्या स्तराला बसवताय? केंब्रिजच्या आयजीसीएसईत कोअर स्तरावर कितीही छान लिहिलं तरी सीच्या वर श्रेणी मिळत नाही, एक्स्टेंडेडमध्ये ए स्टारपर्यंत जाता येतं. नवीन मूल इंग्रजी बोलायला बुजलं की त्याला खालच्या गटात टाकण्याची प्रवृत्ती असते. आपली मुलं बीजगणितात पुढे आणि पायऱ्या शब्दांत मांडण्यात मागे असतात. जुन्या वहीतली सोडवलेली चार पानं शाळेला दाखवा. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

आता पत्ता. प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली आहे. डग्लसमध्ये दोन हायस्कुलांमधली हद्द शहरातूनच जाते, शेजारचं ऑन्कन सेंट निनियन्सकडे. क्रम असा ठेवा: आधी कमी मुदतीची राहायची सोय. आवडलेल्या घराचा पूर्ण पत्ता घेऊन शिक्षण विभागाकडे हद्द विचारा. मग त्या शाळेच्या कार्यालयात फोन करून तुमच्या मुलाच्या इयत्तेत जागा आहे का ते विचारा, भावंडं असतील तर प्रत्येकासाठी वेगळं. होकार आला की मग भाडेकरार. उलट्या क्रमाने गेलात की वर्षभराचा करार एका गावात, धाकट्याला जागा दुसऱ्या गावात आणि सकाळी एका गाडीत दोन शाळा. हद्दीबाहेरच्या शाळेसाठी अर्ज करता येतो, पण जागा उरली तरच, आणि शाळेच्या बसची हमी धरू नका. डग्लसजवळच्या नोबल्स हॉस्पिटलला नोकरी आहे म्हणून डग्लसच हवं, हाही आपल्या लोकांचा हट्ट. पीलहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. "अमक्या शाळेत आपली मुलं जास्त आहेत" म्हणून घर शोधणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

कागदपत्रांत जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. मराठी माध्यमाचं असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून आणा. शाळा सोडल्याचा दाखला इथे कोणी मागणार नाही, तरी घेऊन ठेवा. परत जाताना तिकडची शाळा तोच मागते. लसीकरणाचं कार्ड नीट तपासा. भारतातल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, इथे तिन्हींची एकत्र धरतात. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर, म्हणजे तिन्हींची एकत्र लस, झाली असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल तर चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या अर्जाला हात लावू नका. सरकारी शाळा त्या अटीत धरत नाहीत.

शाळा सुटते तीन-साडेतीनला. दोघं नोकरी करणार असाल तर शाळेनंतरच्या पाळणाघराची चौकशी भारतातूनच करा, जागा मोजक्या असतात.

गणवेशावर, अगदी प्रत्येक स्वेटरवर, नावाची पट्टी शिवा. छत्री आणू नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा चांगला रेनकोट घ्या. डबा गार खावा लागतो, कोणी गरम करून देत नाही. आणि शेंगदाणा! बहुतेक शाळांत ॲलर्जीमुळे तो बंद असतो. चिक्की आणि लाडू आपल्या लक्षात राहतात, पण साबुदाण्याच्या खिचडीतलं, काकडीच्या कोशिंबिरीतलं, भरल्या वांग्यातलं कूट सुटतं. डब्यापुरतं कूट विसरा. खोबरं चालेल का तेही विचारून घ्या.

पाठ्यपुस्तकं जवळजवळ नसतात, गृहपाठ थोडा, वर्गात नंबर काढत नाहीत. शिक्षकांची भाषा फार मऊ असते, ती उकलायला शिका. प्रगतिपत्रकात 'वर्किंग टुवर्ड्‌स' म्हणजे मूल अपेक्षेच्या मागे आहे. 'थोडा स्थिरावला तर बरं होईल' म्हणजे वर्गात दंगा करतोय. 'गोड मुलगी, जरा शांत आहे' म्हणजे ती महिनोन्‌महिने बोललेली नाही. पालकभेट पाच-दहा मिनिटांची, तेव्हा "कशी आहे?" विचारून वेळ घालवू नका. विचारा: कोणत्या दोन गोष्टींत मागे आहे आणि घरी काय करू? इंग्रजी कच्चं असेल तर जादा मदतीची विचारणा पहिल्याच आठवड्यात करा. आणि इंग्रजी सुधारावं म्हणून घरातली मराठी बंद करू नका. आई-बापाचं मोडकं इंग्रजी ऐकून कोणाचं सुधारलेलं नाही. शाळा सुटल्यावर झूमवर पुण्याच्या क्लासला रात्री आठपर्यंत बसवणारे पालक इथेही आहेत. त्यांची मुलं गणितात पुढे असतात आणि वाढदिवसाच्या आमंत्रणांत मागे.

सुट्ट्या इंग्लंडपेक्षा वेगळ्या. उन्हाळ्याच्या सत्रातली मधली सुट्टी जूनच्या सुरुवातीला, टीटी मोटरसायकल शर्यतींच्या आठवड्यात असते. शर्यती सार्वजनिक रस्त्यांच्या सुमारे ६० किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गावर होतात आणि ते रस्ते पूर्ण बंद होतात. सुट्टी शर्यतींच्या आठवड्याला मिळते, आधीच्या सरावाच्या आठवड्याला नाही. शाळा चालू, संध्याकाळी रस्ते बंद. सेंट निनियन्स तर मार्गालाच लागून आहे. घर मार्गाच्या आत आणि नोकरी बाहेर असेल, तर मुलाला कोण आणणार हे बंदच्या वेळापत्रकावरून आधी ठरवा. जीसीएसई-ए लेव्हलचं वेळापत्रक मात्र बेटाच्या सुट्टीसाठी थांबत नाही, पेपर टीटीच्या दिवसांतही येतो. गणपती सप्टेंबरात आले की ते नव्या वर्षाचे पहिले आठवडे असतात, रजेची अपेक्षा ठेवू नका. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत कधी दिवाळी सापडते. भारतातून परतताना शाळेआधी तीन दिवस मोकळे ठेवा, कारण रोनाल्ड्सवे विमानतळ धुक्यात मिटला की मँचेस्टरला मुक्काम ठरलेला.

सेंट जॉन्सला बुनस्कॉल गेलगाख ही २००१ मध्ये सुरू झालेली प्राथमिक शाळा आहे, सगळं शिक्षण मँक्स या बेटाच्या मूळ भाषेत. इतर शाळांत मँक्स ऐच्छिक आहे, मिळालं तर घेऊ द्या. खासगीत कॅसलटाउनचं किंग विल्यम्स कॉलेज, १८३३चं. तिथे सिक्स्थ फॉर्मला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आहे. फी परवडत असेल तर माझ्या सल्ल्याची गरज नाही.

शेवटी विद्यापीठ. बेटावर युनिव्हर्सिटी कॉलेज आहे आणि व्यवसाय शिक्षणासाठी ते चांगलं आहे, पण बहुतेक मुलं इंग्लंडला जातात. तिथे स्थानिक दराची फी मिळायला अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दिवशी कायम वास्तव्याचा दर्जा लागतो आणि आधीची तीन वर्षं युनायटेड किंग्डम, आयल ऑफ मॅन किंवा चॅनल बेटांवरची राहणी. तुमच्या वर्क व्हिसावर आलेलं मूल तोवर परदेशी दरात जातं आणि वैद्यकीयच्या बाबतीत तो फरक घर विकायला लावणारा आहे. बेट सरकारचं विद्यार्थी अनुदान वेगळं, त्याच्या राहणीच्या अटी वेगळ्या. म्हणून मूल इयर ९ला असतानाच एका कागदावर तीन तारखा लिहा: बेटावर उतरल्याची, कायम वास्तव्याला पात्र होण्याची आणि इयर १३ संपल्यानंतरच्या सप्टेंबरची. मधली तारीख शेवटचीच्या पुढे जात असेल तर इमिग्रेशन कार्यालय आणि शिक्षण विभागाचा विद्यार्थी अनुदान कक्ष, दोन्हीकडे या तारखांसह ईमेल टाका. उत्तर लेखीच घ्या, फोनवर ऐकलेलं धरून चालू नका.