बँकॉकला राहायचं तर फोनमध्ये थाई कीबोर्ड हवाच

नवीन आलेली आपली मंडळी आधी विचारतात, कढीपत्ता कुठे मिळतो? पाहुरत या भारतीय बाजारपेठेत मिळतो. तो प्रश्न तिथेच संपला. खरी पंचाईत होते ती फोनवर. ऑफिसात, मॉलमध्ये, बीटीएस या शहरी रेल्वेच्या गाडीत इंग्रजीवर भागून जातं. पण उद्या दुपारी इमारतीची टाकी धुणार, पाणी बंद, हे कळतं ते लाइन या चॅट ॲपच्या ग्रुपवर, आणि तेही थाईत. इथे व्हॉट्सॲपला फारसं कोणी विचारत नाही. घरमालक, शाळा, एसी दुरुस्त करणारा, सगळे लाइनवर असतात. ते पहिल्याच दिवशी टाकून घ्या.

नोटीस बहुतेक वेळा फोटो म्हणून येते, त्यामुळे मजकूर कॉपी करायला जाऊ नका, गूगलच्या भाषांतराला तो फोटोच दाखवा. मात्र तारीख स्वतः बघा. इथे बौद्ध संवत चालतो, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९, आणि बरेचदा नुसतेच ६९ लिहितात. खाण्याच्या पाकिटावर मुदत ६९ दिसली तर दचकू नका. सरकारी कागदांवर आकडेही थाई असतात. दहाच तर आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात.

आता लिपीबद्दल. रोमन अक्षरांतून थाई शिकू नका, हे माझं ठाम मत आहे. एकाच गल्लीचं नाव तीन पाट्यांवर तीन स्पेलिंगांत सापडतं, आणि इंटरनेटवर थाई माणूस आपली भाषा सहसा रोमनमध्ये लिहीत नाही. शिवाय आपलं अर्धं काम आधीच झालेलं आहे. व्यंजनं ४४ (त्यातली दोन वापरातून गेलेली), आणि क्रम आपलाच, क-वर्ग, च-वर्ग असा. गोम एवढीच की ग च्या जागेवरचं अक्षर ख सारखं उच्चारतात, द चं थ होतं, ब आणि भ दोन्ही फ कडे जातात. विमानतळाचं नाव लिहितात सुवर्णभूमी आणि म्हणतात सुवन्नफूम. शेवटची वेलांटी नुसती लिहायची, बोलायची नाही. ए, ऐ, ओ यांची चिन्हं आपल्या पहिल्या वेलांटीसारखी व्यंजनाच्या आधी येतात. पाच सुरांच्या बाबतीत मात्र मराठीचा काडीचा उपयोग नाही, तिथे कानच तयार करावा लागतो.

वाचताना अडतं ते दुसरीकडेच. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. जागा दिसली तर समजायचं, वाक्य किंवा त्याचा एखादा तुकडा संपला. 'ताकलोम' अशी अक्षरं सलग आली तर ती 'ता-क्लोम', म्हणजे गोल डोळे, की 'ताक-लोम', म्हणजे वाऱ्यावर बसणं, हे पुढचामागचा मजकूरच सांगतो. फोनवर शब्दावर बोट दाबून धरलं की तो निवडला जातो, कारण आतल्या शब्दकोशाच्या आधारे फोन वाक्य तोडत असतो. माणसांच्या आणि गावांच्या नावांवर त्याची हमखास दांडी उडते.

चॅटची थाई पुस्तकात नसते. ५५५ म्हणजे हसणं, पाचला 'हा' म्हणतात म्हणून. वाक्याच्या शेवटी येणारं पुरुषांचं आदराचं 'ख्रप' टाइप करताना 'खप' होतं. मित्रांत चालतं, घरमालकाला मात्र पूर्ण लिहा. बायकांच्या 'खा'ची लेखनं दोन, उत्तरात सुराचं चिन्ह द्यायचं, प्रश्नात आणि 'ना खा'मध्ये नाही. थाई लोकही यात सर्रास चुकतात आणि कॉमेंटमध्ये त्यावरून एकमेकांना झापतात, तेव्हा तुम्ही चुकलात तर कोणी मनावर घेणार नाही.

एका गोष्टीत मात्र गंमत नाही. राजघराण्याविषयीचा विनोद, मीम, बातमी, काहीही पुढे पाठवू नका. फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत, आणि नुसतं शेअर केल्याबद्दलही लोक तुरुंगात गेले आहेत. आपल्या मराठी ग्रुपांवरसुद्धा हा विषय नको.

कान तयार करायला मालिकांपेक्षा यूट्यूबवरचे गप्पा-खेळांचे कार्यक्रम बरे. माणूस बोलतो तेच वाक्य रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटतं. स्वच्छ, सावकाश थाई हवी असेल तर थाई पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या बातम्या लावा. २०२२ मध्ये बँकॉकच्या गव्हर्नरपदी निवडून आलेले चाडचार्ट पहाटे धावता धावता फेसबुकवर लाइव्ह येऊ लागले. त्या व्हिडिओंत ते धापा टाकत बोलतात, पण रस्ता, गटार, झाड, फुटपाथ हे रोजचे शब्द कानावर पडतात.

तेच शब्द लगेच वापरून बघायचे असतील तर ट्रॅफी फाँडू आहे. शहराच्या तक्रारींची ही सोय लाइनमधूनही चालते. फुटपाथच्या उखडलेल्या लादीचा फोटो आणि ठिकाण टाका, थाईत एक ओळ लिहा, शेवटी ख्रप किंवा खा. काम कुठवर आलं ते तिथेच दिसत राहतं, तेही अर्थात थाईत.