जुने पार्ट चालतात, पण या चुका टाळा

आजोबांची दांडीची काळी सायकल माळ्यावरून उतरवली की दोन सल्ले फुकट मिळतात. एक, ‘सगळे पार्ट बदलून टाक’. दुसरा, ‘जुनं लोखंड आहे, त्याला काय होतंय!’ पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात कधीतरी दात. रोजच्या पाच-सात किलोमीटरला जुने हब (चाकाचा मधला भाग), जुना क्रँक (पायडलचा दांडा) आरामात पुरतात. सतावते ती चुकीची दुरुस्ती.

पायडल मारताना दर फेऱ्याला ‘कट्’ असा धक्का बसतोय? लगेच बीबी (क्रँकचा आस आणि त्याचे बेअरिंग) खोलू नका, क्रँक आसावर पक्का धरणारी कॉटर पिन बघा. ढिली पिन ‘घरापर्यंत तरी जाऊ’ म्हणून रेटली की तिची सपाट बाजू चेपते; मग कितीही आवळा, ती पुन्हा सैल होणारच. नट आवळून पिन ओढून घेऊ नका, आटे जातात. क्रँकखाली लोखंडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्या, म्हणजे घाव बीबीतल्या छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) जात नाही, आणि पिन हातोडीने बसवा. नट फक्त ती निसटू नये म्हणून. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशेने घाला, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत.

नवी चेन टाकली आणि चढावर ती उड्या मारायला लागली, तर चेनवाल्याशी भांडू नका. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दाते झिजलेत. म्हणून वापरातल्या चेनला वेळीच पट्टी लावा: पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. 1/16 इंच जास्त भरल्या तर चेन बदला. 1/8 इंचापर्यंत गेल्या तर फ्रीव्हीलही गेलं म्हणून समजा.

ओव्हरहॉलिंगचं आपल्याकडे ‘ओव्हरऑइलिंग’ झालंय, आणि काहीजण ते मनावर घेऊन हबमध्ये तेल ओततात. ग्रीस धुऊन जातं. हब उघडा, कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर) खड्डे असतील तर तो बदला, छर्रे सगळे एकदम नवे घाला.

टायर घेताना नुसतं ‘28’ सांगू नका. जुन्या 28 × 1½ रिमवर 635 चा (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये) टायर बसतो. आजकाल 28 म्हणून मिळणारा बहुधा 622 चा असतो. आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो.

एका बाबतीत मात्र जुनं खरंच कमी पडतं: स्टीलची रिम पावसात भिजली की ब्रेक जवळपास लागतच नाही. ॲल्युमिनियमची रिम टाकावी, तर दांड्यांचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, तिथे ते चालत नाहीत. म्हणून रिमच्या बाजूंना दाबणारे वायरचे ब्रेक, म्हणजे कॅलिपरही घ्यावे लागतात. तेवढा खर्च नको असेल तर जून ते सप्टेंबर सायकल हळू हाका.