जुन्या पार्टिशनवर ओएस टाकताना डेटा कुठे उडतो

‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सी फॉरमॅट करा.’ ओएस (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) नव्याने टाकताना हे गृहीतच नडतं. सी, डी म्हणजे डिस्कची पार्टिशनं, म्हणजे भाग. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स मुळात सीवर असतात. म्हापशातल्या दुकानाचा टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला हिशेबही, जागा मुद्दाम बदलली नसेल तर, सीवरच्या ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये सापडेल. टॅलीत डेटाचा पाथ (फोल्डरचा पत्ता) आधी बघून घ्या. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार फाइली उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून ठेवा. लावलेली राहिली तर इन्स्टॉलरच्या (ओएस टाकणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत तीही दिसते.

विंडोजच्या सेटअपमध्ये सी-डी अक्षरं नसतात. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असं काहीतरी दिसतं. म्हणून आधीच विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर उतरवा आणि त्याला लेबल द्या. दोन पार्टिशनं सारख्याच आकाराची असतील तर चवथीचे फोटो कुठल्यात आहेत ते लेबलावरूनच कळेल. साधारण १०० एमबीचं फॅट३२ (एक फाइल सिस्टिम) पार्टिशन रिकामं वाटलं तरी हात लावू नका. दुसऱ्या ओएसचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना ती ओएस सुरू करणारा प्रोग्राम, तिथेच असतो.

उबुंटू (एक लिनक्स ओएस) टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की अख्खी डिस्क जाते, फक्त विंडोजचा भाग नव्हे. पार्टिशनं स्वतः निवडण्याच्या मॅन्युअल पर्यायात फॉरमॅटची खूण काढली म्हणजे सुटलो, असंही नाही. २२.०४पर्यंतचा डेस्कटॉप इन्स्टॉलर रूट (ओएस जिथे बसते त्या) पार्टिशनवरचे ‘ईटीसी’, ‘व्हार’ यांसारखे सिस्टिम फोल्डर पुसूनच पुढे जातो. तुमच्या फाइलींचं ‘होम’ वाचतं, पण मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा डेटाबेस ‘व्हार’मध्ये असतो आणि तो जातो. लोक हमखास फसतात ते इथेच.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. ती नसेल तर डी शाबूत राहूनही बहुधा उघडणार नाही.

पार्टिशन लहान-मोठं करताना वीज गेली तर फाइल सिस्टिम अर्धवट राहते. गोव्यातल्या पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय नकोच. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरा आणि चार्जर लावूनच ठेवा.

चूक झालीच तर मशीन लगेच बंद करा. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता चालणारं) चालवून टेस्टडिस्क या प्रोग्रामने हरवलेलं पार्टिशन शोधा. ते नाही सापडलं तर फाइली शोधणारा फोटोरेक वापरा. त्यात फाइली मिळतात, पण मूळ नावं मिळत नाहीत. एसएसडीवर फॉरमॅटनंतर ट्रिम (मोकळ्या जागेतला जुना डेटा पुसायला सांगणारी आज्ञा) चाललेलं असेल तर बहुधा काहीच हाती लागत नाही.