एचेवेरिया आडनावाचा माग कसा काढावा

एचेवेरिया हे बास्क आडनाव, म्हणजे उत्तर स्पेन आणि लगतच्या फ्रान्समधल्या बास्क लोकांच्या भाषेतले. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवे. नवी घरे गावोगाव होती, त्यामुळे सगळे एचेवेरिया एकाच कुळातले मानू नका.

आधी स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रांतवार आकडे पाहा. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, पहिले सहसा वडिलांचे, दुसरे आईचे; ती वेगळी मोजलेली असतात. तुलना पहिल्यावरच करा. देशात 20 पेक्षा कमी माणसे असलेले आडनाव तिथे दिसतच नाही. एचेबेरिया, एचाव्हारी ही रूपेही शोधा, नाहीतर निम्मे सुटतील. (गोव्याच्या सेंट झेवियरचे नावही याच मुळाचे, उत्तर स्पेनच्या नावारा प्रांतातल्या गढीवरून आलेले.)

स्पेनमधली नागरी नोंदणी (जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद) 1871 पासूनची. त्याआधी चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या. फिलिपिन्समधल्या स्पॅनिश आडनावावरून मात्र वंश ठरवू नका: 1849 च्या फर्मानानंतर तिथे ती यादीतून वाटली गेली.